लॉस एंजेलिसची टीम न्यू जर्सीच्या लीगमध्ये कशी? कॉन्फरन्स रीअलाइनमेंटचं गणित, प्रवासाच्या बिलाच्या बाजूने

पुण्याच्या एका दादांचा प्रश्न आहे. मुलगी टेनिस खेळते, अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांचे कोच मागे लागलेत, एक लॉस एंजेलिसचं आणि एक मिडवेस्टमधलं. शेड्यूल काढून बघितलं तर लॉस एंजेलिसवाल्यांच्या मॅचेस न्यू जर्सीत आणि मेरीलँडमध्ये. ही कसली लीग, शेजारपाजारचे सोडून हे लोक एवढ्या लांब कशाला खेळायला जातात, आणि कॉन्फरन्स रीअलाइनमेंट म्हणून जे वाचायला मिळतं त्याचा आपल्या पोरीशी काही संबंध आहे का?

संबंध आहे आणि चांगलाच आहे. मी बरीच वर्षं एका सरकारी विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स डिपार्टमेंटमध्ये आहे, टीम्सचा प्रवास आणि त्याचं बजेट हे माझं खातं. त्यामुळे पत्रकार ही गोष्ट फुटबॉलच्या बाजूने सांगतात आणि मी विमानाच्या तिकिटांच्या बाजूने सांगणार, जरा लांबण लागेल पण वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॉलेज स्पोर्ट्समध्ये एनसीएए ही वरची संस्था, पण रोजचा खेळ चालतो तो कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दहा-पंधरा विद्यापीठांनी मिळून केलेली लीग. विद्यापीठं एक लीग सोडून दुसरीत जातात त्यालाच रीअलाइनमेंट म्हणतात. पूर्वी ही लीग शेजाऱ्यांची असायची, बसने जाऊन रात्री परत येता येईल अशी. आता कॉन्फरन्स म्हणजे टीव्हीचे हक्क एकत्र विकणारी मंडळी, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. आणि टीव्हीवर विकलं जातं ते मुख्यतः फुटबॉल, आपला सॉकरवाला नाही, तो लांबुळक्या चेंडूचा. थोडंफार बास्केटबॉल. तुमच्या मुलीचं टेनिस, पोहणं, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल हे सगळे खेळ फुटबॉलच्या मागे फरफटत जिथे तो जाईल तिथे जातात. म्हणून कोण कुठल्या कॉन्फरन्समध्ये का गेलं हे समजून घ्यायचं असेल तर नकाशा बघू नका, परंपरा बघू नका, टीव्हीचा करार कुठल्या वर्षी संपतोय ते बघा. माझ्या मते नव्वद टक्के गोष्ट तिथेच आहे, उरलेली कुलगुरूंच्या अहंकारात.

हे सुरू कुठून झालं तर १९८४ पासून. तोपर्यंत टीव्हीवर कुठल्या मॅचेस दाखवायच्या आणि एका टीमने किती वेळा दिसायचं हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की ही मक्तेदारी आहे, चालणार नाही. (विरोधात मत देणाऱ्या दोघांत एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे स्वतः तरुणपणी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. आता मागे वळून बघताना वाटतं म्हाताऱ्याला पुढचं दिसत होतं.) त्या दिवसापासून हक्क विकायला विद्यापीठं आणि कॉन्फरन्स मोकळ्या झाल्या. नोत्र दाम विद्यापीठाने तर १९९१ पासून एनबीसी चॅनलशी एकट्यानेच करार केला आणि फुटबॉलमध्ये आजही कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाहीत, बाकीचे बहुतेक खेळ एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात, म्हणजे ज्याची पत त्याचे नियम.

मग दक्षिणेतल्या एसईसी म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सने नियमातली एक फट शोधली. बारा टीम्स आणि दोन गट असले की शेवटी एक जास्तीची चॅम्पियनशिप मॅच घेता येते, आणि ती मॅच वेगळी विकता येते. आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना घेतले, बारा झाले, १९९२ ला बर्मिंगहॅममध्ये पहिली चॅम्पियनशिप झाली, अलाबामाने फ्लोरिडाला हरवलं, आणि सगळ्यांना कळलं की सभासद वाढवले की पैसा वाढतो. आर्कान्सा ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समधून गेलं ती १९९६ ला बंदच पडली, टेक्सासची चार मोठी विद्यापीठं बिग एट नावाच्या कॉन्फरन्सशी मिळून बिग ट्वेल्व्ह झाली आणि टेक्सासचीच राइस, ह्यूस्टन, टीसीयू, एसएमयू ही विद्यापीठं वाऱ्यावर. या एसएमयूचं नाव लक्षात ठेवा, पुढे येतं.

नावांवर मात्र विश्वास ठेवू नका. २०११ नंतर बरीच वर्षं मिडवेस्टच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये निदान बारा सभासद होते आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा. आता बिग टेनमध्ये अठरा आहेत. आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड आहे.

मेरीलँडचं उदाहरण सांगतो कारण त्यात आतली गोष्ट दिसते. १९५३ पासूनचं एसीसीचं संस्थापक सभासद, पण तिजोरीत खडखडाट, २०१२ च्या उन्हाळ्यात त्यांनी सात खेळ बंद केले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं, न्यू जर्सीच्या रटगर्सने पण. फुटबॉलच्या दृष्टीने दोघंही काही वाघ नव्हते. पण बिग टेनचं स्वतःचं केबल चॅनल होतं, २००७ ला सुरू झालेलं, आणि केबलवाले त्या चॅनलचे प्रत्येक घरामागे जे पैसे देतात ते कॉन्फरन्सच्या राज्यात बाहेरच्या राज्यापेक्षा कितीतरी जास्त. रटगर्स घेतलं की न्यूयॉर्क-न्यू जर्सीतली घरं मिळाली, मेरीलँड घेतलं की वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर. मॅच कोणी बघो न बघो, केबलच्या बिलात पैसे कापले गेलेच. एसीसी सोडायचे मेरीलँडला ३ कोटी १४ लाख डॉलर मोजावे लागले तरी परवडलं. पुढे लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली तसं हे घरं मोजायचं गणित ढासळलं आणि त्याची जागा कुठली मॅच लाखो लोक खरंच लावून बघतात या गणिताने घेतली, म्हणून नंतरच्या फेरीत टेक्सास, ओक्लाहोमा, लॉस एंजेलिसचं यूएससी असली मोठी नावंच उचलली गेली.

आता ग्रँट ऑफ राइट्स नावाची भानगड, याशिवाय पुढचं कळणार नाही. सभासद पळून जाऊ नयेत म्हणून कॉन्फरन्स त्यांच्याकडून घरच्या मैदानावरच्या मॅचेसचे टीव्ही हक्क अमुक वर्षापर्यंत लिहून घेते. साखर कारखान्याला ऊस नोंदवतात तसं समजा, तुम्ही सभासदत्व सोडून शेजारच्या कारखान्यात गेलात तरी मुदत संपेपर्यंत तुमच्या रानातला ऊस जुन्याच कारखान्याच्या गाडीत चढणार. मग नवा कारखाना तुम्हाला घेऊन करणार काय? एसीसीने हे २०१३ ला करून घेतलं आणि २०१६ ला थेट २०३६ पर्यंत वाढवलं. तेव्हा सगळ्यांनी हसत सह्या केल्या, नंतर दुसऱ्यांचे आकडे बघून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कोर्टात गेले.

आणि जिथे हे कागद एकाच वेळी संपत होते तिथे काय झालं ते पॅक-ट्वेल्व्हमध्ये बघायला मिळालं. पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स, मुळं १९१५ पर्यंत जाणारी, सगळे खेळ मिळून एनसीएएची पाचशेच्या वर विजेतेपदं, एवढी कुठल्याच कॉन्फरन्सकडे नाहीत. त्यांनी २०११ ला ईएसपीएन आणि फॉक्सशी बारा वर्षांचा ३०० कोटी डॉलरचा करार केला, त्या वेळी तो विक्रमी होता. पण स्वतःचं चॅनल काढलं ते पूर्ण स्वतःच्या मालकीचं ठेवायच्या हट्टाने, भागीदार घेतला नाही, डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीवर ते कधी आलंच नाही, म्हणजे देशातल्या कित्येक घरांत दिसतच नव्हतं. कमिशनर म्हणजे कॉन्फरन्सचा प्रमुख, त्या लॅरी स्कॉटचा पगार वर्षाला पन्नास लाख डॉलरच्या वर आणि ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत. उधळपट्टी म्हणा किंवा स्वप्न म्हणा.

२०२१ च्या जुलैत टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीला निघाले. बिग ट्वेल्व्हचे उरलेले आठ घाबरलेले, पॅकला तेव्हा त्यांच्यातले हवे ते उचलता आले असते. ऑगस्टमध्ये पॅकने जाहीर केलं की आम्हाला कोणी नको. त्याच आठवड्यात पॅक, बिग टेन आणि एसीसी यांनी मिळून अलायन्स जाहीर केली, एकमेकांचे सभासद पळवायचे नाहीत वगैरे विश्वासावर, कागदावर सही कोणाची नाही. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ ला, यूएससी आणि लॉस एंजेलिसचंच यूसीएलए बिग टेनमध्ये गेले. यूसीएलएच्या ॲथलेटिक्स खात्यावर १० कोटी डॉलरच्या वर तूट साठलेली, बिग टेनवाल्यांना दरवर्षी विद्यापीठामागे दोनेक कोटी डॉलर जास्त मिळत होते, आणि पॅकचे हक्क २०२४ ला मोकळे होत होते. जायला एवढं पुरे होतं. त्याच ऑगस्टात बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला.

आणि इथे खरी चूक झाली असं मला वाटतं. पॅकचे नवे कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ थांबून राहिले, चांगला भाव येईल म्हणून. बिग ट्वेल्व्हचे ब्रेट यॉरमार्क हे कॉलेज स्पोर्ट्सच्या बाहेरून आलेले गृहस्थ, त्यांच्याही कराराला अजून अवधी होता, पण त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी मुदत वाढवून घेतली, विद्यापीठामागे सरासरी वर्षाला ३ कोटी १७ लाख डॉलर. भारी आकडा नव्हता, पण टीव्हीवाल्यांच्या खिशात त्या फेरीला जे होतं ते संपलं. पॅकच्या हातात शेवटी २०२३ च्या उन्हाळ्यात ॲपलच्या स्ट्रीमिंगची ऑफर आली, सुरुवातीचा हमी आकडा बिग ट्वेल्व्हपेक्षा कमी, सबस्क्रिप्शन वाढली तर वाढणार. २७ जुलैला कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टच्या सकाळी उरलेल्या नऊ जणांनी ॲपलच्या करारासाठी हक्क लिहून द्यायचे असं ठरलेलं होतं, आणि त्याच दिवशी वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनला गेले, रात्रीपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हला. शंभरेक वर्षांची कॉन्फरन्स एका दिवसात चार जणांवर आली. तेल गेलं तूप गेलं हाती धुपाटणं, दुसरं काय. ओरेगन आणि वॉशिंग्टन तर अर्ध्या वाट्यावर गेले, जुन्या सभासदांना पूर्ण आणि यांना वर्षाला तीन कोटींच्या आसपास, तरी गेले.

स्टॅनफर्ड आणि कॅल म्हणजे बर्कलीचं विद्यापीठ एसीसीत गेले, सुरुवातीची काही वर्षं साधारण ३० टक्के वाट्यावर. आणि सोबत ते एसएमयू, डॅलसचं, १९९६ ला वाऱ्यावर सुटलेलं: त्यांनी सांगितलं नऊ वर्षं आम्हाला टीव्हीचा वाटाच नको, फक्त आत घ्या. डॅलसमधल्या तेलवाल्या आणि इमारतवाल्या देणगीदारांनी आठवडाभरात १० कोटी डॉलर जमवून दिले. हे वाचून लोक हसले होते, मग २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी एसएमयू एसीसीच्या फायनलला आणि तिथून देशाचा विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफला पोचलं. ओरेगनने पहिल्याच वर्षी बिग टेन जिंकलं. ॲरिझोना स्टेट, जिथे आपली मराठी पोरं एमएसला ढिगाने असतात, त्यांना बिग ट्वेल्व्हमध्ये सीझनआधी शेवटच्या म्हणजे सोळाव्या नंबरवर धरलं होतं आणि ते चॅम्पियन झाले, प्लेऑफमध्ये टेक्सासकडून दोन ओव्हरटाइममध्ये हरले. म्हणजे मैदानावर हे सगळं फसलंय असं कोणी म्हणू शकत नाही.

उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, लहान गावांतली, शेतीची सरकारी विद्यापीठं. त्यांनी वॉशिंग्टनच्या ग्रामीण भागातल्या काउंटी कोर्टात जाऊन सांगितलं की जे सोडून चाललेत त्यांना कॉन्फरन्सच्या पैशांवर मत देता येणार नाही, आणि जिंकले. त्या पैशांवर आणि नावावर त्यांनी पॅक परत उभी केली, बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि फुटबॉल नसलेलं, बास्केटबॉलसाठी नावाजलेलं गोंझागा, जुलै २०२६ पासून. मला या दोघांबद्दल मनापासून आदर आहे, हा किस्सा मी नवीन मुलांना नेहमी सांगतो.

बरं, आता तुमच्या पोरीकडे येऊ.

फुटबॉलचं बघा: सीझनला घराबाहेरच्या साधारण पाच-सहा मॅचेस, शनिवारी, चार्टर विमान, शुक्रवारी दुपारी निघायचं आणि मॅच संपल्यावर रात्रीच परत. सामानाचा ट्रक आधीच तीन-चार दिवस दोन ड्रायव्हर घेऊन निघालेला असतो. पोरांचा एक दिवस बुडतो, कधी तोही नाही. लांबच्या कॉन्फरन्सचा त्रास फुटबॉलला सगळ्यात कमी होतो आणि निर्णय मात्र फुटबॉलसाठी घेतला जातो, ही यातली मेख आहे.

टेनिसचं असं: आठ-दहा मुली, दोन कोच, ट्रेनर, असे बारा-चौदा जण, साधी व्यावसायिक फ्लाइट, बहुतेक वेळा मध्ये डेन्व्हर नाहीतर शिकागोला बदल. लॉस एंजेलिसहून शुक्रवारची मॅच न्यू जर्सीत असेल तर बुधवारी निघावं लागतं, कारण पूर्वेला जाताना तीन तास घड्याळात हरवतात आणि पोरींना गुरुवारी सराव हवा. शुक्रवारी एक मॅच, शनिवारी बस किंवा ट्रेनने मेरीलँड, रविवारी दुसरी मॅच, आणि संध्याकाळची फ्लाइट पकडून रात्री उशिरा घरी, सोमवारी सकाळी आठला केमिस्ट्री. बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. मार्च-एप्रिलमध्ये वादळामुळे शिकागोची फ्लाइट रद्द झाली तर सोमवार पण. चौदा जणांना रात्री अकरा वाजता एकाच विमानात परत जागा मिळवणं हा माझ्या कामातला सगळ्यात घाण भाग आहे, दोन तुकड्या कराव्या लागतात आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक मोठं माणूस लागतं. हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये चार पोरी लॅपटॉप उघडून मिडटर्म देतायत, ॲकॅडमिक ॲडव्हायझर बाई समोर घड्याळ लावून बसल्यात आणि बाहेर नाश्त्याच्या ताटांचा खडखडाट चाललाय, हे दृश्य आता नेहमीचं झालंय.

कॉन्फरन्सवाले अगदीच निर्दय नसतात, लांबच्या टीम्सची जोडी लावतात म्हणजे एका खेपेत दोन मॅचेस होतात, आणि दरवर्षी सगळ्यांशी सगळीकडे खेळावं लागत नाही. काही खेळ तर फुटबॉलबरोबर गेलेच नाहीत: बिग टेनमध्ये बीच व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलो नाही, त्यामुळे यूसीएलएच्या त्या टीम्स माउंटन पॅसिफिक नावाच्या जुन्या पश्चिमेकडच्या संघटनेतच खेळतात आणि बसने फिरतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर फुटबॉल सोडून सगळेच खेळ असे शेजाऱ्यांबरोबर परत बसवावेत. पण कॉन्फरन्सचे कमिशनर ते मनावर घेतील असं दिसत नाही, कारण बास्केटबॉलचे पैसे त्यात अडकलेत.

दुसरी गोष्ट पैशांची. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस नावाच्या खटल्याचा समझोता मंजूर झाला, आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला. म्हणजे एवढा नवा खर्च, त्यावर देशभरच्या प्रवासाचा खर्च, आणि हे भागवायचं कुठून? टीव्हीचा मोठा वाटा मिळणारे भागवतात. ज्यांना मिळत नाही ते लहान खेळांकडे बघायला लागतात आणि टेनिस त्या यादीत नेहमी वर असतं, काही ठिकाणी बंदही झालंय. त्यामुळे गंमत अशी की जिथे प्रवास जास्त तिथे टीम टिकायची शक्यताही जास्त, हे तुम्हालाच तोलायला लागेल.

तारखा सांगून ठेवतो. बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३० च्या सीझनपर्यंत, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ पर्यंत. एसीसीने मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनशी तडजोड केली, त्यात बाहेर पडायची फी दरवर्षी उतरत जाऊन २०३०-३१ ला साडेसात कोटी डॉलरवर येते, आणि त्या फीमध्येच टीव्ही हक्क पण सुटतात. एसईसी २०३४ पर्यंत बांधलेली आहे. तीन कॉन्फरन्सची कुलपं एक-दोन वर्षांच्या अंतराने उघडतायत, तेव्हा पुढची मोठी पळापळ तिथेच होणार, बातम्या त्याच्या वर्षभर आधी फुटायला लागतील. तुमची मुलगी २०२६ किंवा २०२७ ला गेली तर तिचं शेवटचं वर्ष बरोबर त्या गोंधळात येतं.

तर कोचशी पुढचा कॉल होईल तेव्हा रँकिंग आणि कोर्टचे फोटो बाजूला ठेवा आणि मागच्या सीझनचं प्रत्यक्ष प्रवासाचं वेळापत्रक मागा, म्हणजे किती वाजता निघाले आणि किती वाजता परत आले ते. देत नसतील तर समजून जा. लेक्चर किती बुडाली हे सध्याच्या टीममधल्या मुलींना वेगळं विचारा, कोचसमोर नको. तिला सायन्स किंवा इंजिनिअरिंग घ्यायचं असेल तर दुपारच्या लॅबचं काय करतात तेही विचारा, कारण लेक्चर रेकॉर्ड होतं, लॅब होत नाही. आणि टीम बंद झाली तर डिग्री पूर्ण होईपर्यंत स्कॉलरशिप चालू राहील का, हे तोंडी नको, लेखी घ्या, सही करायच्या आधी.